‘पोएटेस’, ‘चेअरपर्सन’ आणि मराठी माणसाचे इंग्रजी

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरच्या एका वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही व्यक्तींचे परिचय इंग्रजीत लिहिण्याचे काम आपल्याकडे आले. आपण कवयित्रीला ‘पोएटेस’, लेखिकेला ‘ऑथरेस’, अभिनेत्रीला ‘अ‍ॅक्ट्रेस’ आणि वाचनालयाच्या विद्यमान अध्यक्षबाईंना ‘चेअरमन’ असे लिहिले. मजकूर तपासणाऱ्यांनी ‘पोएट’ आणि ‘ऑथर’ अशी दुरुस्ती केली, ‘अ‍ॅक्ट्रेस’ला हात लावला नाही आणि अध्यक्षबाईंना ‘चेअरपर्सन’ केले. त्यांच्या आधीचे अध्यक्ष पुरुष होते, ते मात्र ‘चेअरमन’च राहिले. यामागे नियम कोणता, अशा शब्दांची यादी कुठे मिळेल आणि एका जुन्या छायाचित्राखाली छापलेल्या ‘लेडी डॉक्टर’ या शब्दांचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे मुंबईत मराठी-इंग्रजी भाषांतराचे काम करते. मृत्युपत्रे, गृहनिर्माण सोसायट्यांची इतिवृत्ते, साक्षीदारांचे जबाब, नोकरीच्या जाहिराती आणि आपल्यासारखेच व्यक्तिपरिचय, असे सगळे काही माझ्या टेबलावरून गेले आहे. यादी देणे अवघड नाही, परंतु यादी पाठ करून ही अडचण सुटत नाही, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. अडचण इंग्रजी शब्दांत जितकी आहे, त्याहून अधिक ती आपल्या मराठी सवयीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मराठीत वाक्याचा सगळा डोलारा लिंगावर उभा असतो. ‘नवा शिक्षक आला’ आणि ‘नवी शिक्षिका आली’ या दोन वाक्यांत विशेषण बदलते, नाम बदलते आणि क्रियापदही बदलते. बाईंना ‘शिक्षक’ म्हटले तर पुढे ‘आला’ म्हणावे की ‘आली’, असा पेच पडतो, आणि आदरार्थी ‘आल्या’ म्हणूनही तो पुरता सुटत नाही. त्यामुळे कवीची कवयित्री, लेखकाची लेखिका आणि संपादकाची संपादिका करणे ही आपल्याकडे व्याकरणाची सोय असते आणि बहुतेकांच्या मनात तो आदराचाही भाग असतो. इंग्रजीत विशेषणाला लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. नवीन शिक्षक येवोत की शिक्षिका, ‘द न्यू टीचर हॅज कम’ एवढेच वाक्य होते आणि पुढच्या वाक्यातला ‘ही’ किंवा ‘शी’ उरलेले सांगून टाकतो. म्हणजे इंग्रजी व्याकरणाला स्त्रीलिंगी नामाची गरजच पडत नाही. गरज नसताना ते वापरले की वाचकाला वाटते, लेखकाला यातून काही जादा सांगायचे आहे. आणि ते जादा काय असावे, याचा तर्क तो स्वतःच करतो. तो तर्क बहुधा त्या व्यक्तीच्या बाजूचा नसतो.

हे मला ज्यांनी शिकवले त्या स्वतः कवयित्री होत्या. व्यवसायातले माझे चौथे-पाचवे वर्ष असेल. त्यांच्या निवडक कवितांच्या इंग्रजी अनुवादाला जोडायचा परिचय मी केला होता आणि त्याची मुद्रिते घेऊन त्यांच्या गिरगावातल्या घरी गेले होते. खिडकीजवळच्या टेबलावर कागद पसरून त्यांनी तो सावकाश वाचला, ‘पोएटेस’ या शब्दावर बोट ठेवले आणि मला विचारले, “इंग्रजीत ‘पोएट’ व्हायला मी आणखी काय लिहायला हवे?” आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते आणि माझ्याकडे ते नव्हते. मग त्यांनी शिसपेन्सिल घेतली, त्या शब्दाची शेवटची तीन अक्षरे आडव्या रेघेने काढून टाकली आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळल्या. मराठीत त्या स्वतःला आयुष्यभर कवयित्री म्हणवून घेत आल्या होत्या आणि त्यात त्यांना काहीच कमीपणा वाटला नव्हता. त्या तीन अक्षरांनी इंग्रजीत त्यांना कवींच्या रांगेतून काढून वेगळ्या, छोट्या रांगेत उभे केले होते.

असे का होते हे कळायला शब्दांचा थोडा इतिहास पाहावा लागतो, आणि तो मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल असा आहे. जुन्या इंग्रजीत ‘मान’ या शब्दाचा अर्थ पुरुष असा नव्हता, तर आपण ज्या अर्थाने माणूस म्हणतो तोच होता. पुरुषासाठी ‘वेर’ आणि स्त्रीसाठी ‘वीफ’ असे दोन वेगळे शब्द होते. ‘वेर’ पुढे बोलण्यातून गेला आणि ‘वेअरवुल्फ’सारख्या शब्दांत तेवढा अडकून राहिला. ‘वीफमान’ म्हणजे शब्दशः आपला ‘बाईमाणूस’. त्याचाच झिजत झिजत ‘वुमन’ झाला. दरम्यान ‘मॅन’ हा शब्द पुरुषाच्या एकट्याच्या मालकीचा होत गेला, तरी सगळ्यांसाठी वापरण्याचा जुना हक्क त्याने सोडला नाही. आजचे बरेचसे वाद या दुहेरी मालकीतून निघालेले आहेत. आपल्या ‘माणूस’ शब्दाचे असे झाले नाही, म्हणून ‘मराठी माणूस’चे भाषांतर करताना कुणी ‘मराठी मॅन’ लिहिले की मी ते हमखास बदलते. मराठी माणसात त्याची आई, बहीण आणि मुलगी येतात. इंग्रजीतल्या ‘मॅन’मध्ये त्या आज येत नाहीत. तिथे ‘मराठी पीपल’ किंवा ‘मराठी स्पीकर्स’ लिहावे.

शब्दाच्या शेवटी लागणारे ‘-एस’ फ्रेंचमधून आले. ‘प्रिन्सेस’, ‘डचेस’ यांसारख्या पदव्यांत ते पक्के बसले आहे आणि तिथून त्याला हलवण्याचे काही कारण नाही. अडचण व्यवसायांच्या नावांत आहे, कारण तिथे या प्रत्ययाचे एक काम ‘त्या पदावरच्या पुरुषाची पत्नी’ असे सांगण्याचेही होते. ‘मेयरेस’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये महापौर पुरुष असेल तर त्याच्या पत्नीला ‘मेयरेस’ म्हणण्याची पद्धत आहे; निवडून आलेली स्त्री ही ‘मेयर’च असते आणि समोरासमोर तिला ‘मॅडम मेयर’ म्हणतात. मुंबई महापालिकेत १९५६ साली सुलोचना मोदी महापौर झाल्या, त्या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर. त्यांना इंग्रजीत ‘मेयरेस’ लिहिले तर वाचक त्यांना महापौरांच्या पत्नी समजण्याची शक्यता आहे, म्हणजे इथे प्रश्न शिष्टाचाराच्या पुढे जाऊन वस्तुस्थिती चुकण्यापर्यंत पोहोचतो. योगायोगाने मराठीतला ‘महापौर’ हा शब्दही स्त्री-पुरुष दोघांना चालतो आणि कुणी ‘महापौरीण’ म्हणत नाही.

‘मॅन’ शोधण्याच्या भरात काही निरपराध शब्दही संशयाच्या घेऱ्यात येतात. ‘ह्यूमन’ हा लॅटिनमधून आला आहे, ‘मॅनेजर’ हा हात या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला आहे, आणि ‘फीमेल’चा ‘मेल’शी मूळचा संबंध नाही; उच्चाराच्या साधर्म्याने त्याचे रूप तसे झाले. ‘मिडवाइफ’मधली ‘वाइफ’ म्हणजे, एका प्रचलित मतानुसार, बाळंत होणारी स्त्री आणि ‘मिड’चा जुना अर्थ ‘बरोबर’, म्हणजे बाळंतिणीबरोबर असणारी व्यक्ती. त्यामुळे हे काम पुरुष करत असेल तरी तो ‘मिडवाइफ’च राहतो, त्याच्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही. ‘सीमस्ट्रेस’ची गोष्ट आणखी वेगळी आहे. ‘-स्टर’ हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्या स्त्रीसाठी होता. सूत कातणारी ती ‘स्पिन्स्टर’, पुढे हा शब्द अविवाहित स्त्रीसाठी रूढ झाला आणि कायद्याच्या कागदांतही शिरला. ‘-स्टर’मधला स्त्रीलिंगी अर्थ लोक विसरले तेव्हा ‘सीमस्टर’ला पुन्हा ‘-एस’ जोडला गेला आणि एकाच शब्दात दोनदा स्त्रीलिंग आले.

आता ‘चेअरमन’कडे येते, कारण मुंबईत हा शब्द घराघरांत आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावर चेअरमन, सेक्रेटरी आणि ट्रेझरर ही तीन नावे असतातच, आणि चेअरमन बाई असल्या तरी ‘चेअरमनबाईंना विचारा’ असेच आपण म्हणतो. मराठी बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. इंग्रजी लिखाणात मात्र आधी बघायचे ते हे, की संस्थेच्या घटनेत किंवा उपविधीत त्या पदाचे नाव काय आहे. आपल्या राज्यघटनेत दोन्ही रूपे सापडतात. राज्यसभेसंबंधीच्या अनुच्छेद ८९ मध्ये ‘चेअरमन’ आणि ‘डेप्युटी चेअरमन’ असे आहे, म्हणून १९६२ साली व्हायोलेट अल्वा त्या पदावर आल्या तेव्हा त्या ‘डेप्युटी चेअरमन’च होत्या. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींचा भाग आला त्यात ‘चेअरपर्सन’ आहे, आणि २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांचा भाग आला त्यातही पदाधिकाऱ्यांच्या व्याख्येत ‘चेअरपर्सन’च आहे. एकाच ग्रंथात चार दशकांच्या अंतराने शब्द कसा बदलला, हे तिथे स्पष्ट दिसते. अधिकृत पदनाम ‘चेअरमन’ असेल तर मी ते बदलत नाही, कारण कागदपत्रातले पदनाम हे विशेषनामासारखे असते. पदनाम तसे ठरलेले नसेल तर ‘चेअरपर्सन’ किंवा नुसते ‘चेअर’ लिहिते. ‘चेअर’ या शब्दाचा अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्ती असा अर्थ सतराव्या शतकापासून आहे, त्यामुळे तो कानाला नवा वाटला तरी नवा नाही.

मात्र आपल्या मजकुरात झालेली दुरुस्ती मला मान्य नाही. बाईंना ‘चेअरपर्सन’ आणि बुवांना ‘चेअरमन’ असे लिहिले की ‘पर्सन’ हाच स्त्रीलिंगी प्रत्यय होऊन बसतो आणि लिंगनिरपेक्ष शब्द वापरण्याचा हेतूच नाहीसा होतो. ही चूक फार मोठ्या प्रमाणावर होते आणि चांगल्या हेतूने होते, म्हणून ती लक्षात येत नाही. दोघांना एकच शब्द ठेवा, मग तो कोणताही असो. ‘स्पोक्सपर्सन’, ‘सेल्सपर्सन’ यांचेही तेच.

शब्दाने एवढा काय फरक पडतो, असे मला अनेकदा विचारले जाते. त्यावर मी मुंबईशी जोडलेले एक प्रकरण सांगते. एअर इंडियात विमानाच्या केबिनमध्ये प्रवाशांची सेवा करणाऱ्या स्त्रिया ‘एअर होस्टेस’ होत्या आणि पुरुष ‘असिस्टंट फ्लाइट पर्सर’. काम बरेचसे सारखे, परंतु नावे दोन, म्हणून संवर्ग दोन आणि नियमही दोन. पुरुष ५८ व्या वर्षी निवृत्त होत. स्त्रियांना ३५ वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांतले जे आधी घडेल तेव्हा नोकरी सोडावी लागे आणि वयाची मुदत वाढवणे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर असे. १९८१ साली ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि ती बेलगाम मर्जी रद्द केली. तरीही स्त्रियांचा आणि पुरुषांचा संवर्ग वेगळा असल्याचे न्यायालयाने मान्य केले आणि विवाहाची अट कायम ठेवली. दोन संवर्ग निर्माण करण्यात सेवाशर्ती, भरतीचे नियम असे बरेच काही होते, एकट्या नावाचा तो परिणाम होता असे मी म्हणणार नाही. परंतु एकाच केबिनमध्ये एकाच प्रवाशाला जेवण देणाऱ्या दोघांना दोन नावे असली की वेगळे नियम किती सहज स्वीकारले जातात, हे त्यातून दिसते. आज त्या सर्वांसाठी ‘फ्लाइट अटेंडंट’ किंवा ‘केबिन क्रू’ हा एकच शब्द आहे. ब्रिटनमध्ये तर १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यातच असे लिहिले होते, की नोकरीच्या जाहिरातीत ‘वेटर’, ‘सेल्सगर्ल’, ‘पोस्टमन’ किंवा ‘स्ट्युअर्डेस’ यांसारखे पदनाम वापरले आणि ही जागा दोघांनाही खुली आहे असे सांगितले नाही, तर जाहिरातदाराचा भेदभावाचा इरादा होता असे धरले जाईल. या चार शब्दांतले दोन पुरुषवाचक आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. लिंगनिरपेक्ष शब्द स्त्रियांच्याच सोयीसाठी आले, हा समज त्यामुळे टिकत नाही.

मुंबईतल्या जाहिरातींत तर ‘बॉय’ आणि ‘गर्ल’ यांचा सुकाळ आहे. फोर्टातल्या कचेऱ्यांत पन्नाशी उलटलेल्या, मुलींची लग्ने केलेल्या गृहस्थांना ‘ऑफिस बॉय’ म्हणताना मी ऐकले आहे. त्या शब्दात लिंगाबरोबर वयाचा आणि दर्जाचाही अवमान आहे. ‘ऑफिस असिस्टंट’, ‘सेल्स असोसिएट’, ‘डिलिव्हरी एजंट’ असे लिहिल्याने वाक्य एका शब्दानेही लांबत नाही.

क्रिकेटच्या गावात राहून क्रिकेटचा दाखला दिल्याशिवाय राहवत नाही. मेरीलेबोन क्रिकेट क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये खेळाच्या नियमांतून ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ घेतला, तेव्हा बऱ्याच जणांना भाषा बिघडली असे वाटले. वास्तविक ‘बोलर’ आणि ‘फील्डर’ हे शब्द मुळातच दोघांना चालणारे होते. ‘बॅटर’ त्यांच्याच ओळीत येऊन बसला. मराठीने हे काम फार आधी करून ठेवले आहे. ‘फलंदाज’ बाद झाला आणि ‘फलंदाज’ बाद झाली, ही दोन्ही वाक्ये शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सारख्याच सहजतेने ऐकू येतात. इंग्रजीतला ‘-अर’ किंवा ‘-ऑर’ हा प्रत्यय आपल्या ‘फलंदाज’मधल्या ‘-अंदाज’सारखा आहे, ‘-अक’सारखा नाही, म्हणजे ‘सिंगर’चे स्त्रीलिंग करावे लागत नाही, जसे ‘गायक’चे ‘गायिका’ करावे लागते. ही एक तुलना मनात पक्की केली तर निम्म्या शंका उरत नाहीत.

लोकलच्या चालकाला आपण ‘मोटरमन’ म्हणतो आणि रेल्वेतही तोच शब्द आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत आल्या आणि पुढे लोकल चालवू लागल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘मोटरवुमन’ असा शब्द वापरला. २०२३ साली त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, त्या बातमीत मात्र त्या ‘लोको पायलट’ होत्या, कारण लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी रेल्वेने तो शब्द आधीच घेतला होता. त्यांच्यासाठी वेगळा शब्द करण्याची वेळच आली नाही. लिंगनिरपेक्ष पदनामाचा खरा उपयोग हा आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून असते ते सांगते, कारण इथेच माझ्या क्षेत्रातल्या लोकांतही मतभेद आहेत. ‘अ‍ॅक्ट्रेस’ हा शब्द ‘पोएटेस’सारखा कालबाह्य झालेला नाही. ऑस्करपासून आपल्याकडच्या चित्रपट पुरस्कारांपर्यंत त्या नावाचे विभाग आहेत, त्यामुळे पुरस्काराचे नाव म्हणून तो जसाच्या तसा लिहावा लागतो. दुसरीकडे अनेक अभिनेत्री स्वतःला ‘अ‍ॅक्टर’ म्हणवतात आणि लंडनच्या ‘गार्डियन’ या वृत्तपत्राच्या शैलीपुस्तिकेत दोघांनाही ‘अ‍ॅक्टर’च म्हणावे असे सांगितले आहे. मी अशा वेळी सरळ त्या व्यक्तीलाच विचारते. आपल्या स्मरणिकेतल्या अभिनेत्री हयात असतील तर एक फोन करावा. त्यांनी ‘अ‍ॅक्ट्रेस’ सांगितले तर तेच छापावे. दुसऱ्याच्या परिचयात त्याच्या इच्छेपेक्षा माझी पसंती मोठी नाही. जी व्यक्ती स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कशातच बसवत नाही, तिच्या बाबतीत तर विचारणे हे पहिलेच काम आहे. कायद्याची भाषाही तिकडे सरकते आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया आपोआप धरल्या होत्या. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतल्या व्याख्येत इंग्रजी ‘ही’ (he) या सर्वनामात पुरुष आणि स्त्रीबरोबर तृतीयपंथी व्यक्तीचाही स्पष्ट उल्लेख आहे.

कायदेशीर कागदपत्रांत माझा हात आखडता असतो. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या स्त्रीला वकील मंडळी आजही ‘एक्झिक्युट्रिक्स’ लिहितात. परिचयपत्रात मी तो शब्द कधीही लिहिणार नाही, परंतु मूळ मसुद्यात तो असेल आणि वकिलांनी तो तसाच ठेवायला सांगितला तर ठेवते. याच कामात उलटी अडचणही येते, ती म्हणजे इंग्रजीतल्या लिंगनिरपेक्ष नात्यांची. ‘सिब्लिंग’ला आपल्याकडे ‘भावंड’ हा सुंदर शब्द आहे, ‘पेरेंट’ला ‘पालक’ चालून जातो, पण ‘कझन’ आला की मला पक्षकाराला फोन लावावाच लागतो. चुलत, आते, मामे की मावस, आणि भाऊ की बहीण, हे कळल्याशिवाय मराठीत एक अक्षर लिहिता येत नाही.

लिंग सांगणे आवश्यक असते अशाही जागा आहेत आणि तिथे ते लपवणे ही चूकच ठरते. एका जबाबाच्या भाषांतरात मी ‘शिक्षिकेने दार उघडले’ याचे ‘द टीचर’ केले होते. त्या शाळेत दोन शिक्षक आणि एक शिक्षिका होती, त्यामुळे दार कुणी उघडले हेच इंग्रजीत हरवले. वाचताना वकिलांच्या लक्षात आले म्हणून निभावले. तेव्हापासून अशा मजकुरात पहिल्या उल्लेखाला ‘अ वुमन टीचर’ लिहिते आणि नंतर नुसते ‘टीचर’. अटकेसंबंधीच्या कायद्यात ‘वुमन पोलीस ऑफिसर’ असे म्हटले आहे, तिथे ‘वुमन’ काढून टाकले तर तरतुदीतला अर्थच निघून जाईल. अशा वेळी ‘-एस’ लावण्यापेक्षा नामाआधी ‘वुमन’ किंवा ‘फीमेल’ लावावे. ‘वुमन’ लावल्यास अनेकवचनात दोन्ही शब्द बदलतात, ‘विमेन डॉक्टर्स’. ‘फीमेल’ मात्र विशेषण म्हणूनच वापरावे, ‘टू फीमेल्स’ असे नाम म्हणून वापरले की ते पोलिसी किंवा वैद्यकीय नोंदीसारखे कोरडे वाटते. ‘लेडी’ हा शब्द आपण ‘बाई’च्या आदराने वापरतो, पण व्यवसायाआधी लावलेला ‘लेडी’ आजच्या इंग्रजी वाचकाला जुनाट वाटतो. लोकलमधल्या ‘लेडीज डब्या’ला अर्थातच हे लागू नाही.

एक गंमतीची गोष्ट मुंबईच्या शाळांत दिसते. ‘टीचर’ हा इंग्रजीत पूर्णपणे लिंगनिरपेक्ष शब्द, परंतु आपल्या मुलांनी तो बाईंसाठी राखून ठेवला आहे. ‘टीचर आल्या’ आणि ‘सर आले’. म्हणून ‘आमचे टीचर’ याचे भाषांतर करण्यापूर्वी मूळ मजकुरात मागे जाऊन क्रियापद पाहावे. तीच गत ‘अ‍ॅलम्नाय’ची. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या बाईंबद्दल ‘शी इज अ‍ॅन अ‍ॅलम्नाय’ असे सर्रास लिहिले जाते. तो शब्द अनेकवचनी आहे. एक पुरुष ‘अ‍ॅलम्नस’, एक स्त्री ‘अ‍ॅलम्ना’, आणि या लॅटिन रूपांत पडायचे नसेल तर ‘ग्रॅज्युएट’ लिहून मोकळे व्हावे. आपल्या स्मरणिकेत हा शब्द दोनचारदा तरी येईल, म्हणून सांगितले.

तेव्हा आपल्या मजकुरापुरते सांगायचे तर ‘पोएट’ आणि ‘ऑथर’ ही दुरुस्ती ठेवावी, दोन्ही अध्यक्षांना एकच पदनाम द्यावे आणि ते आधी वाचनालयाच्या घटनेत पाहून घ्यावे, ‘अ‍ॅक्ट्रेस’बद्दल त्या अभिनेत्रींना विचारावे. परिचयात स्त्रीपण हरवेल अशी भीती बाळगू नये. दुसऱ्याच वाक्यात ‘शी’ येते.

राहिला जुन्या छायाचित्राखालचा ‘लेडी डॉक्टर’. त्या शब्दांना आज जुना वास येत असला, तरी एके काळी त्यात रुग्णांसाठी मोलाची माहिती होती. १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले ते स्त्रिया आणि मुलांसाठी, आणि तिथे उपचार करायला स्त्री डॉक्टरच असाव्यात असा मूळ हेतू होता. त्यासाठी इंग्लंडहून एडिथ पीची १८८३ सालीच मुंबईत आल्या होत्या. पुरुष डॉक्टरला नाडीही न दाखवणाऱ्या घरांतल्या बायकांना ‘लेडी डॉक्टर’ ही पाटी दिसली की आत पाऊल टाकता येत असे. आपल्या छायाचित्रातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरही बहुधा तशीच पाटी असेल. म्हणून छायाचित्रावर छापलेली मूळ ओळ खोडू नये, ती अवतरणचिन्हांत जशीच्या तशी द्यावी आणि तिच्याखाली आपली ओळ स्वतंत्रपणे लिहावी. त्या ओळीत त्यांचे नाव, त्यांनी दवाखाना चालवला ती वर्षे आणि नुसते ‘फिजिशियन’ एवढे असले तरी पुरे.